दारातल्या निसर्गाशी नाते आणि मनाचा एकसंधपणा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तरुणांच्या वाढत्या मानसिक अस्वस्थतेविषयी आपल्या वृत्तपत्राच्या वाचक-पत्रांत चाललेली चर्चा मी आस्थेने वाचत आहे. निसर्गाच्या सान्निध्यात गेल्याने मन शांत होते यावर बहुतेक पत्रलेखकांचे एकमत दिसते, आणि त्यासाठी पाताळपाणी, चोरल, जानापाव, मांडू अशा इंदूरच्या आसपासच्या ठिकाणी सुट्टीच्या दिवशी सहली काढाव्यात असे त्यांनी सुचवले आहे. सूचना चांगली आहे. पावसाळ्यात विंध्याच्या कड्यावरून दरीत उतरणारे ढग ज्याने पाहिले आहेत, तो तिला विरोध करणार नाही. तरीही मन शांत होणे आणि माणूस आतून एकसंध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मला या चर्चेत नम्रपणे सुचवायचे आहे. मन शांत व्हायला एक रविवार पुरतो आणि ती शांती सोमवारी दुपारपर्यंत ओसरते. एकसंध होण्यासाठी मात्र निसर्गाशी ओळख, ये-जा आणि देणेघेणे असावे लागते, आणि ते आपण जिथे राहतो तिथेच, म्हणजे या इंदूर शहरातच, घडावे लागते.

विखुरलेपण म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते आधी सांगतो. सुपर कॉरिडॉरवरच्या एखाद्या कार्यालयात काम करणारा आपला मुलगा किंवा सून घरात असताना कार्यालयाचे निरोप वाचत असते, कार्यालयात असताना घराच्या हप्त्यांची आणि मुलाच्या शाळेची चिंता करत असते, आणि जेवताना नजर मोबाइलच्या पडद्यावर असते. शरीर एका जागी, नजर दुसऱ्या आणि काळजी तिसऱ्याच जागी, अशी ही अवस्था वर्षानुवर्षे टिकली की माणसाला आपण नेमके कोण आहोत हेच सांगता येईनासे होते. नोकरी करणारा एक, मुलगा म्हणून वागणारा दुसरा, समाजमाध्यमांवर दिसणारा तिसरा, आणि या तिघांची एकमेकांशी भेटच होत नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी १९८० च्या दशकात असे मांडले की जाणीवपूर्वक एकवटावे लागणारे लक्ष थकते, आणि पाने हलताना पाहणे, पाण्यावरचे तरंग पाहणे अशा सहज लागणाऱ्या लक्षात त्याला विसावा मिळतो. हे खरेच आहे. पण विसावा ही सुरुवात आहे. एखाद्या सजीवाकडे आपण दीर्घकाळ पाहू लागतो तेव्हा डोळे, हात, स्मरण आणि माया ही सगळी एकाच वेळी एकाच ठिकाणी कामाला लागतात, आणि माणूस जोडला जातो तो अशा वेळी, असा माझा विश्वास आहे.

बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यानंतरचा काळ मला फार जड गेला. पदाबरोबर ओळखही गेली होती आणि दिवसाला आकार उरला नव्हता. त्या काळात फिरायला जाण्याच्या वाटेवरचे एक जुने चिंचेचे झाड मी पाहू लागलो. त्याआधी कितीतरी वर्षे मी त्याच वाटेने गेलो होतो. वसंतात तिला येणारी तांबूस कोवळी पालवी, उन्हाळा सरताना लागणारी पिवळट, लाल शिरांची लहान फुले, दिवाळीच्या सुमारास दिसणारे हिरवे आकडे आणि संध्याकाळ झाली की मिटून जाणारी तिची पाने हे सारे क्रमाने ध्यानात येऊ लागले, तसे माझ्या दिवसांनाही पुन्हा क्रम आला. मला कोणताही साक्षात्कार झाला नाही, आणि तसा दावा मी करत नाही. मात्र घरात, बाजारात आणि मित्रमंडळींत वावरणारा मी एकच माणूस आहे ही खात्री मला त्या काळात परत मिळाली.

आता इंदूरच्या पाण्याकडे वळतो, कारण निसर्गाशी असलेल्या आपल्या नात्याची सर्वांत ठळक रेषा नळातून घरात येते. १९७८ पासून या शहराला नर्मदेचे पाणी मिळते. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून ते सुमारे सत्तर किलोमीटरांचे अंतर पार करून, विंध्याचा चढ चढून माळव्याच्या पठारावर येते. नर्मदा पश्चिमवाहिनी आहे; आपण उचलले नसते तर तेच पाणी भडोचपाशी खंभातच्या आखातात, म्हणजे अरबी समुद्रात गेले असते. आपण ते पितो, त्याने स्वयंपाक करतो, कपडे धुतो, आणि मग ते कान्ह व सरस्वती या आपल्या नद्यांत उतरते. कान्ह उत्तरेला जाऊन उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना प्रयागराजला गंगेला, आणि गंगा बंगालच्या उपसागराला. एका समुद्राकडे निघालेले पाणी इंदूरकरांच्या देहातून आणि घरांतून जाऊन दुसऱ्या समुद्राकडे वळते. आपल्या शहरात नर्मदामैयाची परिक्रमा करून आलेली आणि परिक्रमावासीयांची सेवा करणारी अनेक मराठी कुटुंबे आहेत. त्यांची श्रद्धा मी मनापासून मानतो. मात्र जी नर्मदा आपण आदराने आत घेतो, तिलाच आपण कान्हमध्ये कोणत्या रूपात सोडतो, हा प्रश्न त्याच श्रद्धेतून उभा राहिला पाहिजे. २०१६ च्या सिंहस्थात कान्हचे पाणी उज्जैनच्या घाटांना वळसा घालून पुढे नेण्यासाठी नलिका टाकावी लागली होती, आणि २०२८ च्या सिंहस्थाच्या तयारीतही कान्हचे पाणी हा चिंतेचा विषय आहे. स्नानासाठी क्षिप्रेवर जाणारा आणि सांडपाणी कान्हमध्ये सोडणारा माणूस एकच असूनही त्याला ते जाणवत नाही. मी ज्याला विखुरलेपण म्हणतो त्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला देता येणार नाही.

हा विचार इंदूरला नवा नाही. या शहराने शंभर वर्षांपूर्वी तो दोन मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे, आणि आपल्या शाळांतून त्यांची नावे सांगितली जात नाहीत याची मला खंत आहे. पहिले पॅट्रिक गेडिस. हे मूळचे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ आणि डंडी येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. वनस्पती आणि तिचा परिसर यांचा अभ्यास करता करता ते नगररचनेकडे वळले. होळकर दरबारासाठी त्यांनी इंदूरची पाहणी केली आणि १९१८ साली दोन खंडांचा अहवाल सादर केला. जागा, काम आणि लोक ही तीन अंगे वेगळी काढून शहराचा विचार करता येत नाही, हे त्यांचे सूत्र होते. शहरावर प्लेगचे सावट असताना, १९१७ च्या दिवाळीत, त्यांनी एक मिरवणूक काढली. ती नेहमीच्या मार्गाने न जाता ज्या वस्तीने आपली घरे आणि रस्ते सर्वांत चांगले स्वच्छ केले असतील तिथून जाईल असे जाहीर केले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिकृती होती, सफाई कामगार नव्या पांढऱ्या कपड्यांत आणि हारांनी सन्मानित होऊन चालत होते, आणि अखेरीस लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. घराची स्वच्छता, सफाई करणाऱ्याचा मान, सण, आरोग्य आणि दारातले एक रोप या सर्वांना त्यांनी एका दिवसात एकत्र बांधले. २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिले आलेल्या आपल्या शहराने या मिरवणुकीची आठवण ठेवावी असे मला वाटते, विशेषतः तिच्या शेवटच्या भागाची. गेडिस यांनी कान्ह आणि सरस्वतीचे काठ स्वच्छ करून तिथे बागा कराव्यात असेही सुचवले होते, आणि ते काम आजही अपुरे आहे.

दुसरे अल्बर्ट हॉवर्ड. बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन केंद्रात दीर्घकाळ काम केल्यानंतर ते आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल इंदूरला आले, आणि १९२४ ते १९३१ या काळात येथील वनस्पती-उद्योग संस्थेत हॉवर्ड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून, ठरावीक अंतराने ते ढीग परतून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत बसवली. तिला जगभर इंदूर पद्धत म्हणतात. ती मांडणाऱ्या १९३१ च्या ग्रंथावर त्यांच्याबरोबर यशवंत वाड या आपल्या मराठी सहकाऱ्याचे नाव आहे, आणि ही गोष्ट इंदूरच्या प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असायला हवी. हॉवर्ड यांनी असे नोंदवले आहे की सकस जमिनीतल्या चाऱ्यावर वाढलेले त्यांचे बैल लाळ्या-खुरकताने आजारी असलेल्या शेजारच्या गुरांच्या तोंडाला तोंड लावत असूनही त्यांना तो रोग झाला नाही. यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष आजच्या पशुवैद्यकाला जसाच्या तसा मान्य होईलच असे नाही, परंतु माती, वनस्पती, प्राणी आणि माणूस यांचे आरोग्य हा एकच विषय आहे ही त्यांची मूळ धारणा इथल्याच काळ्या मातीत काम करताना पक्की झाली.

आज इंदुरात घरोघरी ओला कचरा वेगळा होतो आणि २०२२ साली देवगुराडिया येथे सुरू झालेल्या, दिवसाला ५५० टन क्षमतेच्या संयंत्रात त्यापासून वायू तयार होतो. हे यश मोठे आहे. पण कचरा गाडीत टाकला की आपले त्याच्याशी असलेले नाते संपते, आणि शहर स्वच्छ होऊनही माणूस त्या चक्राच्या बाहेरच उभा राहतो. म्हणून ज्यांच्याकडे गच्ची किंवा चार कुंड्यांची जागा आहे त्यांनी भाज्यांच्या सालींपैकी थोडी तरी घरीच कुजवावी असा माझा आग्रह आहे. दुधीची साल काळी माती होते, त्या मातीत मिरचीचे रोप वाढते आणि ती मिरची आपल्या पानात येते, हे जो स्वतःच्या हातांनी करतो त्याला आपण कशाचा भाग आहोत हे प्रवचनातून ऐकावे लागत नाही. घरातल्या नातवंडांना हे काम आवडते असा माझा अनुभव आहे. त्यांना गांडुळांची किळस वाटते ती आपण शिकवली तरच.

या विषयावर शास्त्रीय अभ्यास काय सांगतो, तेही थोडक्यात पाहू. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची तुलना केली होती. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, खिडकीसमोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. २०१९ साली इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून असे दिसले की आठवड्यातून निदान १२० मिनिटे निसर्गात घालवणारे लोक आपले आरोग्य आणि समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात, आणि ही मिनिटे एका खेपेत घालवली की अनेक खेपांत याने फारसा फरक पडत नाही. रविवारच्या सहलींचे समर्थक हा निष्कर्ष आपल्या बाजूने मांडू शकतील, आणि त्यांना तो अधिकार आहे. अर्थात निसर्गात गेल्याने माणसे निरोगी होतात की निरोगी माणसेच अधिक बाहेर पडतात, हे अशा पाहणीतून पूर्णपणे सुटत नाही. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो डर्बी विद्यापीठातील माइल्स रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२१ चा अभ्यास. निसर्गात घालवलेल्या वेळेपेक्षा निसर्गाशी जाणवणारी जवळीक आणि पक्ष्याचे गाणे ऐकणे, फुलाचा वास घेणे अशा साध्या गोष्टींकडे दिलेले लक्ष यांचा समाधानाशी आणि आयुष्य अर्थपूर्ण वाटण्याशी निकटचा संबंध असल्याचे त्यांना आढळले. साध्या गोष्टींकडे लक्ष द्यायला जानापावपर्यंत जावे लागत नाही.

त्यातही आपले भाग्य मोठे आहे. शहराच्या कडेला असलेला होळकरकालीन सिरपूर तलाव आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर या दोन्ही पाणथळ जागांना २०२२ साली रामसर स्थळांचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा, दर्जा मिळाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर व उदयपूर ही रामसर कराराखाली मान्यता मिळालेली भारतातली पहिली पाणथळ शहरे ठरली. यशवंत सागरच्या परिसरात अजून सारस क्रौंचांच्या जोड्या दिसतात. मध्य भारतात त्यांच्यासाठी अशा जागा आता फार थोड्या उरल्या आहेत. हिवाळ्यात सिरपूरला चक्रवाक येतात, वारकरी पक्ष्यांचे थवे पाण्यावर असतात, टिबुकल्या बुड्या मारत असतात. मात्र तिथे येणारे बरेच लोक पाण्याकडे पाठ करून स्वतःची छायाचित्रे काढतात आणि खाऊन झाल्यावर निघून जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण तिथे काय पाहायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. पक्ष्यांची ओळख असलेला एक माणूस दर शनिवारी सकाळी तिथे उभा राहिला आणि त्याने येणाऱ्यांना केवळ पाच पक्षी दाखवले, तरी त्या तलावाशी शेकडो कुटुंबांचे नाते जुळेल.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ज्यांना सकाळी पाचला उठून चार घरची कामे करायला जायचे आहे, ज्यांचे दुकान हातगाडीवर आहे, त्यांनी पक्षी पाहायला कधी जावे? म्हणूनच झाडे त्यांच्या वाटेवर असली पाहिजेत. हातगाडीवाल्याचे निसर्गाशी नाते कडुनिंबाच्या सावलीतून येते, आणि रस्तारुंदीकरणात ते झाड गेले की त्याचा निसर्गच जातो. जुलै २०२४ मध्ये या शहराने रेवती टेकडीवर एकाच दिवसात लाखो रोपे लावून विक्रम केला. त्या कामात राबलेल्या हातांविषयी मला आदर आहे. परंतु टेकडीवरचे रोप शहरातल्या राणी सराईच्या जुन्या झाडाची, तिथे सांजवेळी उतरणाऱ्या पोपटांच्या थव्यांची, आणि त्या झाडाखालून रोज जाणाऱ्या माणसाच्या आठवणींची भरपाई करू शकत नाही. झाड तोडण्याची परवानगी देताना किती रोपे लावणार हे विचारले जाते. त्या झाडाशी कोणाचे काय नाते आहे हेही विचारले जावे, त्या रस्त्यावरच्या लोकांचे म्हणणे लेखी घेतले जावे, अशी माझी प्रशासनाला विनंती आहे.

आपल्या मराठी समाजाकडून माझी अपेक्षा याहून अधिक आहे, कारण आपल्या सणांत हे नाते आधीपासूनच बांधलेले आहे आणि ते आपण हळूहळू विकत घेऊ लागलो आहोत. वटपौर्णिमेला बाजारातून आणलेली वडाची फांदी पाटावर ठेवून पुजली जाते. ज्या झाडाला दीर्घायुष्याचे प्रतीक मानून हे व्रत केले जाते, त्याचीच फांदी तोडली जाते. गणपतीच्या एकवीस पत्री पुडीत मिळतात, आणि त्यातला माका कोणता, आघाडा कोणता, शमी कोणती, हे पुडी विकणारा आणि घेणारा दोघांनाही सांगता येत नाही. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवायला जाणारी कुटुंबे आता किती उरली आहेत? इंदुरातील मराठी मंडळांनी गणेशोत्सवाच्या आधीच्या एखाद्या रविवारी मुलांना घेऊन पत्रीच्या झाडांची ओळख करून द्यावी, पाने ओरबाडू न देता. आणि वटपौर्णिमेला आपल्या वस्तीतल्या एका उभ्या वडापर्यंत सर्वांनी मिळून जावे. यासाठी ना वर्गणी लागते, ना सभागृह. घरातल्या आजींना यातले जे माहीत आहे ते त्यांच्याबरोबर नाहीसे होण्याआधी हे व्हायला हवे.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणी आहे. सराफ्यातले सोन्याचे भाव आपण रोज छापता. त्याच पानावर आठवड्यातून एकदा, पाच-सहा ओळींची, इंदूरच्या निसर्गाची नोंद छापावी: कोणत्या रस्त्यावर बहावा फुलला, सिरपूरला कोणते पक्षी आले किंवा गेले, पहिला पावशा कुठे ऐकू आला, कान्हच्या पाण्याला या आठवड्यात वास होता की नाही. नोंदी वाचकांनीच पाठवाव्यात आणि जाणकारांनी त्या तपासून घ्याव्यात. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, पक्षिनिरीक्षक आणि बागकामात आयुष्य घालवलेली माणसे या शहरात पुष्कळ आहेत, आणि आपण आवाहन केले तर ती आनंदाने पुढे येतील. रामबाग आणि नारायण बागेच्या परिसरातील नोंदी गोळा करण्याचे काम मी स्वतः करायला तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक,
रामबाग, इंदूर